सात नंबरचा सिलिंडर

हमूद बिन खलफाननं काउंटरवर प्लास्टिकचा डबा ठेवला, झाकण काढलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. आत दोन-तीन मुठी मेलेल्या मधमाश्या होत्या.

"बघ," तो म्हणाला. "आज सकाळच्या आहेत."

माझ्या शेजारी आगाशे साहेब उभे होते. त्यांनी डब्यात पाहिलं आणि हमूदला कळू नये म्हणून मराठीत मला म्हणाले, "आता माश्यासुद्धा आपल्या गळ्यात घालणार हा. जॉब कार्ड कर आणि लिही, नॉर्मल."

हमूदला मराठी येत नव्हती, पण 'नॉर्मल' बरोबर कळलं. हा शब्द तो आमच्या काउंटरवर पाचव्यांदा ऐकत होता. त्यानं डब्याला झाकण लावलं आणि डबा तिथेच ठेवून तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, ओमानमधली. मस्कतपासून तीन तासांवर, डोंगराच्या अलीकडच्या एका गावात आमच्या एजन्सीचं वर्कशॉप होतं. मोठ्या अमेरिकन पिकअप विकायच्या आणि त्याच दुरुस्त करायच्या, हे आमचं काम. आगाशे साहेब सर्व्हिस मॅनेजर, मूळचे पुण्याचे. मी उल्हास मयेकर, कणकवलीचा. गाडीला मशीन लावून तिच्या कॉम्प्युटरमधलं काय बिघडलंय ते शोधायचं काम माझ्याकडे होतं. मी आयटीआय झालेला माणूस, पण हमूद मला मुहंदिस म्हणायचा, म्हणजे इंजिनियर. मी त्याला तिथल्या रीतीप्रमाणे वालिद म्हणायचो, म्हणजे वडील. बासष्टीचा होता. अंगात पांढरा पायघोळ झगा, डोक्याला फेटा, आणि दोन्ही हातांवर डंखांचे जुने काळपट डाग.

मधमाश्या हाच त्याचा धंदा होता. तिकडे सिद्र नावाचं झाड असतं, आपल्या बोरीची सख्खी बहीण म्हणावी असं. दिवाळीच्या सुमाराला डोंगरातल्या कोरड्या नद्यांच्या काठानं ते फुलतं, आणि त्या फुलांच्या मधाला तिकडे फार मान. तो फुलोरा गाठायला हमूद माश्यांच्या पेट्या सपाटीवरून डोंगरात न्यायचा. एका खेपेला चौदा पेट्या, पिकअपच्या मागच्या हौद्यात, दोरीनं आवळून. जुन्या गाडीतून वीस वर्षं नेल्या. वर्षापूर्वी आमच्याकडून नवी घेतली आणि हे सुरू झालं.

तक्रार एवढीच, की सपाट रस्त्यावर शंभरच्या आसपास वेग स्थिर झाला की गाडी रडते.

"रडते म्हणजे कशी?" पहिल्यांदा आला तेव्हा मी विचारलं होतं.

त्यानं ओठ मिटून छातीतून आवाज काढला. खालच्या पट्टीतला, लांब, थरथरणारा. इतका हुबेहूब काढला की मला हसू आलं, कारण तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

त्या इंजिनात आठ सिलिंडर. रस्ता सपाट आहे, पाय हलका आहे, म्हणजे ताकद कमी लागतेय, असं दिसलं की गाडीचा कॉम्प्युटर त्यातले चार बंद करतो. पेट्रोल वाचावं म्हणून. बंद करतो म्हणजे त्या चारांचे व्हॉल्व्ह उघडायचेच थांबवतो. व्हॉल्व्ह उचलणारा बोटाएवढा लोखंडी तुकडा असतो, त्याला लिफ्टर म्हणतात. त्याच्या पोटात एक बारीक खीळ असते. तेलाच्या दाबानं ती खीळ आत सरकली की लिफ्टर जागच्या जागी दबत राहतो, वर काही उचलत नाही. चढ आला, पाय दाबला, की खीळ परत बाहेर आणि आठही सिलिंडर सुरू. दिवसातून शेकडो वेळा ही ये-जा चालते. चारावर असताना इंजिनाचा सूर खाली उतरतो आणि पत्र्यात एक घुमारा भरतो. बऱ्याच लोकांना तो जाणवतसुद्धा नाही. ज्यांना जाणवतो त्यांच्यासाठी कंपनीचं परिपत्रक होतं. हा आवाज म्हणजे इंजिनाचा स्वाभाविक गुण आहे, दुरुस्तीचा प्रयत्न करू नये. ते परिपत्रक आम्ही प्लास्टिकमध्ये घालून काउंटरच्या मागे चिकटवलं होतं.

चार वेळा मी त्याच्या कार्डावर तेच लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. माणूस दुखणं घेऊन येतो, आपल्याला दुखणं कळतं, औषधही ठाऊक असतं, आणि आपण त्याला सांगायचं की तुला काही झालेलंच नाही. दर वेळी कार्ड लिहिताना पेन कागदात रुतायचं माझं. तरी लिहायचो.

पाचवं कार्ड घेऊन मी बाकावर गेलो. हमूदनं ते हातात घेतलं, घडी केली आणि खिशात घातलं.

"वालिद, आवाजाचा तुम्हाला त्रास होतो का?"

"मला कशाला होईल? मी म्हातारा, मला निम्मं ऐकू येत नाही. त्रास त्यांना होतो." त्यानं काउंटरवरच्या डब्याकडे हात केला. "गाडी रडायला लागली की त्या घाबरतात. तोंड जाळीनं बंद असतं, बाहेर पडता येत नाही, मग आतल्या आत तापतात. तुझ्या साहेबाला वाटतं मी वेडा आहे."

मी डब्याकडे पाहिलं.

"तुलाही वाटतं?"

"मी बघितलेलं नाही, वालिद."

"मग येऊन बघ. शुक्रवारी सुट्टी असते ना तुला? पहाटेची फज्रची नमाज झाली की निघतो मी. पण पुढे बसायचं नाही. मागे, पेट्यांबरोबर बसायचं."

शुक्रवारी उजाडता उजाडता मी त्याच्या मळ्यावर पोहोचलो. पेट्या लादून झाल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर बारीक जाळी ठोकलेली. त्याची मुलगी झुवैना तिथे कंदील घेऊन उभी होती. गावातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं मला जाड हातमोजे दिले आणि म्हणाली, "हात पेटीच्या बाजूला ठेवा. झाकणावर नको. बाजूनं चांगलं कळतं."

हौद्यात दोन पेट्यांच्या मधल्या फटीत मी अंग चोरून बसलो. एक हातमोजा काढला आणि उजवा तळवा पेटीच्या लाकडाला टेकवला. आत गुणगुण चालू होती. शांत, एकसारखी. गाडी निघाली तरी तशीच राहिली. गावातल्या रस्त्यावर, गतिरोधकांवर, वळणांवर, काही फरक नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ आहेत.

मग सरळ रस्ता लागला. वेग वाढला, स्थिर झाला. आणि बुडाखालचा पत्रा बदलला. घुमारा आधी मणक्यात आला, मग दातांत. माझ्या तळव्याखालची गुणगुण क्षणभर पूर्ण थांबली. एकदम गप्प. आणि मग जी उसळली ती वेगळ्याच आवाजात, कढईत पाणी पडावं तशी. लाकूड हाताला गरम लागायला लागलं. एक चढ आला, इंजिन आठावर गेलं, पत्रा निवला, आणि दोन-तीन मिनिटांत पेटी हळूहळू उतरली. पुन्हा सपाटी आली, पुन्हा तेच.

मी मोजत गेलो. डोंगराच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत एकोणीस वेळा झालं. एकोणीसच्या एकोणीस वेळा इंजिन आधी आणि पेटी नंतर.

पेट्या उतरवून येताना मी पुढे बसलो. हमूदनं विचारलं, "काय झालंय माझ्या गाडीला?"

"बघतो वालिद," मी म्हणालो. "उद्या गाडी घेऊन या. मशीन लावून बघतो."

शनिवारी सकाळी त्याची गाडी तपासून मी आगाशे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, म्हातारा खरं बोलतोय."

"म्हणजे माश्यांना आपल्या इंजिनाचा राग येतो." त्यांनी कीबोर्डवरून हात काढले नाहीत.

"चार सिलिंडर बंद झाले की हौदा थरथरतो. माश्या बिथरतात. मी स्वतः हात लावून बघितलं."

"सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गाडीत मागे बसून गेलास तू? विम्याचं काय झालं असतं रे, पडला असतास तर?"

"साहेब, ते बंद करता येतं. बाजारात एक प्लग मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की गाडी चारावर जातच नाही. कायम आठावर."

"आणि वॉरंटी?"

"कंपनी मानत नाही म्हणतात. म्हणून तर तुम्ही मस्कतला लिहा. एवढ्या एका गाडीसाठी परवानगी मागा."

आता त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आगाशे साहेब काही वाईट माणूस नव्हते. गणपतीला आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलवायचे, उकडीचे मोदक स्वतः करायचे. पण कुठलीही गोष्ट वर कळवायची म्हटली की ते मागे सरायचे.

"उल्हास, कंपनीनं मुद्दाम केलेली गोष्ट बंद करा, असं आपणच लिहायचं? वरचे विचारतील, तुम्ही गाड्या विकायला बसलात की त्यांच्यातल्या खोड्या काढायला? जाऊ दे. नॉर्मल लिही." मग टेबलाच्या कडेची निळी फाइल त्यांनी पुढे ओढली. "आणि हो, तुझ्या फॅमिली व्हिसाचं पत्र मी उद्या पाठवतोय. नऊ वर्षं थांबलास. आता कुठे काही अडकायला नको."

ते धमकी म्हणून बोलले असतील असं मला आजही वाटत नाही. पण मी ते तसंच ऐकलं. बायको सुनंदा आणि मुलगी ओवी कणकवलीला होत्या. ओवी सात वर्षांची, आणि मला ती ओळखायची ती मोबाइलच्या पडद्यावरून. त्या दोघींना इथे आणायचं तर कंपनीचं शिफारसपत्र लागायचं आणि त्या पत्रावर आगाशे साहेबांची सही लागायची. सुनंदानं तिकडे ओवीच्या शाळेत दाखला मागायला सुरुवातही केली होती.

मी बाहेर आलो आणि सहाव्या कार्डावर नॉर्मल लिहिलं.

पण हमूदला तसंच पाठवायला जीव होईना. मी त्याच्याबरोबर गाडीत बसलो, वर्कशॉपपासून लांब, पेट्रोलपंपाच्या मागे गाडी घ्यायला लावली.

"वालिद, मी सांगतो ते इथे कुणाला सांगू नका. हा गिअरचा दांडा डी वरून खाली एम वर, म्हणजे मॅन्युअलवर, ओढायचा. मग हे बटण दाबायचं, पडद्यावर पाच आकडा येईपर्यंत. झालं. आता गाडी चार सिलिंडरवर जाणार नाही. पेट्रोल थोडं जास्त खाईल."

"आणि रडणार नाही?"

"नाही रडणार."

आम्ही सरळ रस्त्यावर दहा किलोमीटर गेलो. शंभरचा वेग. पत्रा गप्प. हमूदनं दोन वेळा माझ्याकडे पाहिलं. परत आल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात तो मधाची बाटली घेऊन आला. एकही माशी मेली नाही म्हणाला. आगाशे साहेबांनी ती तक्रार बंद झाल्याची नोंद केली आणि दुपारच्या चहाला सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, शेवटी माणसाला समजावून सांगितलं की ऐकतो." मी चहा प्यालो. मला बरं वाटत होतं. नियमही मोडला नाही, म्हाताऱ्याचं कामही झालं, पत्रही मस्कतला गेलं. आपण फार हुशारीनं वागलो असं वाटत होतं.

आणखी दोन आठवड्यांनी, एका सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला, हमूदची गाडी ओढून आणली. मागून एका छोट्या गाडीतून झुवैना आली. तिच्या काळ्या बुरख्याच्या कडेला पांढरी माती लागली होती. ती काउंटरशी आली आणि तिनं पर्समधून कागद काढून एक एक करून मांडले. सहा जॉब कार्डं.

"सहा वेळा आले माझे वडील," ती इंग्रजीत म्हणाली. "सहा वेळा नॉर्मल. आता काय लिहिणार?"

"मॅडम, आधी काय झालं ते सांगा," आगाशे साहेब म्हणाले.

हमूद पहाटे शेवटची खेप घेऊन निघाला होता. चौदा पेट्या. डोंगरात शिरल्यावर नदीच्या कोरड्या पात्रात इंजिनानं एकदम खडखडाट केला आणि ते जागीच अडकलं. सात वाजले होते. मोबाइलला तिथे रेंज नाही. नऊनंतर ऊन चढलं तशा पेट्या तापायला लागल्या. चालत मदत आणायला गेला असता तर माश्या मेल्या असत्या. म्हणून त्यानं एकट्यानं एक एक पेटी उतरवून शंभर पावलांवरच्या कड्याच्या सावलीत न्यायला सुरुवात केली. आठ पेट्या नेल्या. नववी हातातून सुटून फुटली. बिथरलेल्या माश्यांनी त्याला गाठलं. तरी त्यानं उरलेल्या पेट्यांच्या जाळ्या उपटून तोंडं उघडली आणि मग तो गाडीखाली जाऊन पडला. शाळा सुटल्यावरही वडिलांचा फोन लागेना म्हणून झुवैना शोधत गेली, तेव्हा दोन वाजून गेले होते.

"डॉक्टरांनी सत्तर काटे काढले," ती म्हणाली. "पुढचे अजून काढतायत."

आगाशे साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि मला हळूच म्हणाले, "इंजिन उघड."

मी वरचं कव्हर काढलं. सात नंबरच्या सिलिंडरचा लिफ्टर फुटला होता, वरचा दांडा वाकून बाजूला गेला होता, तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता. पूर्ण इंजिन बदलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आगाशे साहेब तोवर माझ्या मशीनच्या पडद्यासमोर उभे होते.

"हे बघ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. "तीन आठवडे गाडी एम मध्ये चालवलीय. पाचव्या गिअरमध्ये. ऑटोमॅटिक गाडी कुणी अशी चालवतं का? लिही, चुकीच्या वापरामुळे बिघाड. वॉरंटी लागू नाही."

मी हातात पाना धरून उभा राहिलो.

"साहेब, पाचव्या गिअरनं लिफ्टर फुटत नाही."

"तुला माहीत, मला माहीत. कागदावर काय आहे ते बघ." मग थांबून म्हणाले, "त्याला हे शिकवलं कुणी पण?"

मी कार्ड लिहिलं नाही. हात पुसले आणि हॉस्पिटलमध्ये गेलो.

हमूदचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. ओठ इतके फुगले होते की बोलताना शब्द अर्धे अर्धे पडत होते. झुवैना माझ्याआधीच परत येऊन खिडकीपाशी उभी होती. तिनं सांगितल्यावर त्यानं माझ्या दिशेला मान वळवली.

"मुहंदिस, तुझ्या साहेबानं झुवैनाला आत्ता फोन केला. म्हणाला, मी गाडी चुकीची चालवली. मी एम वर घेत होतो, पाच आकडा येईपर्यंत दाबत होतो. तू दाखवलंस तसंच. माझं कुठे चुकलं?"

इथवर सांगताना मी एक गोष्ट बाजूला ठेवली. त्या वेळीही ती बाजूलाच ठेवली होती.

शुक्रवारी पहाटे, हौद्यात चढण्याआधी, हमूदनं गाडी सुरू केली तेव्हा थंड इंजिन चार-पाच सेकंद टिकटिकलं होतं. टिक टिक टिक, आणि मग बंद. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. मला लगेच कळलं. सतत आत-बाहेर करून लिफ्टरच्या पोटातली खीळ झिजली की सकाळी असा आवाज येतो. शनिवारी मशीन लावलं तेव्हा नक्की झालं, सात नंबरचा सिलिंडर मधूनमधून पेटत नव्हता. मी त्याचा कागद छापून घेतला. आगाशे साहेबांच्या केबिनमध्ये मी प्लगबद्दल बोलत होतो तेव्हा तो कागद घडी करून माझ्या छातीच्या खिशात होता. तो काढणारच होतो. मग त्यांनी निळी फाइल पुढे ओढली. मी मनाशी म्हटलं, आधीच साहेब वैतागलेत, आता इंजिन उघडायची मागणी नको, पत्र एकदा जाऊ दे, मग पंधरा दिवसांनी काढू. गाडी कायम आठावर चालली तर लिफ्टर काढेल आणखी वर्षभर. आणि रडणं थांबल्यावर हमूद परत आलाच नाही. आला तो मध घेऊन. मध घेतला मी. तेव्हाही बोललो नाही.

"वालिद, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो, आणि हे सगळं त्याला सांगितलं. अरबीत मला इतकं बोलायची सवय नव्हती. मध्ये मध्ये शब्द सापडत नव्हते आणि झुवैना ते पुरवत होती. वडिलांकडे न बघता पुरवत होती.

तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "तुला कधी कळलं म्हणालास?"

"शुक्रवारी पहाटे."

"येताना तू माझ्या शेजारी बसला होतास. शंभर किलोमीटर. मी तुला काय विचारलं होतं?"

"गाडीला काय झालंय, ते."

"आणखी काही विचारलं होतं?"

"नाही."

त्यानं मान सरळ केली. पापण्या उघडत नव्हत्या, त्यामुळे तो रागावला आहे की नुसता थकलाय, मला कळेना. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाला, "पाणी."

मी उठून पेला त्याच्या ओठांना लावला. निम्मं पाणी हनुवटीवरून खाली गेलं. ते मी पुसलं.

दारापर्यंत झुवैना आली. "हे लिहून द्याल?"

"देतो."

"सही करून?"

"सही करून."

तिथेच कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून, तिच्या शाळेच्या वहीतल्या कागदावर, मी दोन पानं इंग्रजीत लिहिली. गिअरची युक्ती मी शिकवली, हेही लिहिलं. वर्कशॉपमध्ये जाऊन शनिवारचा तो कागद शोधला. धुवायच्या शर्टाच्या खिशात नव्हता, पण मशीनमध्ये नोंद होती. पुन्हा छापला आणि तिच्या हातात दिला.

मस्कतहून दोन साहेब आले. त्यांनी माझी दोन पानं वाचली, लिफ्टरचे तुकडे पिशवीत घालून नेले आणि दहा दिवसांत हमूदला नवं इंजिन बसवून दिलं. वॉरंटीत. चौदापैकी पाच पेट्या जगल्या होत्या. त्या वर्षीचा सिद्रचा फुलोरा तोवर गळून गेला. माझ्याबद्दल त्यांनी एवढंच ठरवलं की परवानगी न घेता ग्राहकाला गाडीच्या वापराबद्दल सल्ला दिला आणि बिघाडाची माहिती दडवली, म्हणून करार पुढे वाढवायचा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शिफारसपत्र मागे घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी टूलबॉक्स जमा करायला गेलो. आगाशे साहेबांनी एक एक पाना तपासून यादीवर खुणा केल्या आणि मग यादी बाजूला ठेवली.

"तो कागद मला त्याच दिवशी का नाही दाखवलास रे?" ते म्हणाले. "आवाजाचं सोड, त्यात आपल्या हातात काही नव्हतं. पण लिफ्टर झिजलाय म्हटल्यावर मी बदलून दिले असते सगळे. वॉरंटीत बसत होतं. चार दिवसांचं काम होतं."

ते खरंच बदलून देणार होते की आता बोलायला सोपं म्हणून बोलत होते, मला कधीच कळलं नाही. मी विचारलंच नव्हतं. नऊ वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांना एक कागद खिशातून काढून दाखवला नव्हता, आणि सगळा राग मात्र त्यांच्यावर केला होता.

संध्याकाळी सुनंदाला फोन केला. तिला तोवर इतकंच माहीत होतं की व्हिसाचं काहीतरी लांबलंय. मी सगळं सांगितलं, माश्यांच्या डब्यापासून. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"ऐकतंस मा?"

"ऐकतंय." मग म्हणाली, "ओवीचो दाखलो काढलंय मी शाळेतसून. कपाट इकलंय."

तिकडून ओवीचा आवाज येत होता, कुणालातरी पाढे म्हणून दाखवत होती. सुनंदा तिच्यावर खेकसली, जा बाहेर जा म्हणून. मग पुन्हा फोनवर आली. आवाज घट्ट झाला होता.

"तो माणूस बरो आसा मा आता?"

"खयचो?"

"खयचो काय विचारतंस? मधमाश्यांचो."

"बरो आसा," मी म्हणालो. "डोळे उघडले. तो काल घराक गेलो."

तिनं ओवीला परत आत हाक मारली.

"मगे ये," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.